अण्णांची घागर

मांडीवर सूप, सुपात विडीची पानं, हातात कात्री आणि मान खाली. मान वर न करताच ती उजव्या पायाचा अंगठा पुढे काढायची आणि नळाच्या रांगेत मधेच घुसलेली घागर हळूच बाहेर सारायची.

"रांग म्हंजी रांग," एवढंच म्हणायची. मग पुन्हा विडी वळायला सुरुवात.

सगळा बोळ तिला अक्का म्हणायचा. तिला दुसरं नाव असणारच, पण ते आम्ही कधी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. घरात तेलुगू, बोळात सोलापुरी मराठी, आणि फारच चिडली तर दोन्ही एकदम. नवरा कधीच वारलेला. मुलगा यंत्रमागावर जायचा. अक्का नळासमोरच्या पायरीवर बसून विड्या वळायची आणि कुणी न नेमता नळाची राखण करायची. अशी एखादी बाई तुमच्याही गल्लीत असेल. तिच्याशी सगळे भांडतात, आणि एखादा दिवस ती दिसली नाही की सगळेच चौकशी करतात.

मी तेव्हा करकंबहून सोलापुरात मास्तर म्हणून नुकताच आलो होतो आणि नळासमोरच्या चाळीत खोली घेऊन राहत होतो. साल दुष्काळाचं. नळाला पाणी यायचं ते दुपारी, करंगळीएवढी धार, आणि तिचाही भरवसा नाही. लोक मिलमध्ये, मागावर, विडी कारखान्यात. नळापाशी ताटकळत कोण उभं राहणार? म्हणून माणसाऐवजी त्याची घागर उभी राहायची. सकाळी घागर रांगेत ठेवून कामाला जायचं, घागरीची जागा ती माणसाची जागा. दुसऱ्या बोळांत नुसता दगड ठेवलेला चालायचा, तुटकी चप्पलसुद्धा चालायची. अक्कापुढे नाही.

"धोंडा काय पानी प्यायलाय व्हय? घागर आना, मग बोला."

बोळाच्या तोंडाशी एक हवालदार राहायचा. त्याच्या बायकोने एकदा आपली पितळी घागर सगळ्यांच्या पुढे आणून ठेवली. अंगठा पुढे आला, घागर बाहेर गेली. थोड्या वेळाने खुद्द हवालदार आला, खाकी कपड्यात.

"कुणी सरकवली?"

"मी."

"कुणाची आहे माहीत आहे ना?"

"म्हाईत हाय की. म्हनून तर हळू सरकवली. पितळंची हाय, पोचा पडंल."

हवालदार मिशीतल्या मिशीत हसला आणि घागर उचलून रांगेच्या शेवटी ठेवून गेला.

अक्काची सून पोटुशी होती तेव्हा शेजारणीने दया येऊन तिची घागर पुढे लावली. अक्काने तीही मागे सारली. सून रडवेली झाली. "अत्त्या, पाय सुजलेत ओ."

"मग घरात बस जा. घागर उबी हाय की, तू कशाला उबी राहतीस?"

आणि संध्याकाळी हीच बाई दारात बसून त्याच सुनेचे पाय मांडीवर घेऊन तेल चोळताना दिसायची.

आता त्या माणसाबद्दल लिहिलंच पाहिजे, इच्छा नसली तरी. तो आमचा नगरसेवक. सगळे त्याला अण्णा म्हणायचे. कपडे पांढरेशुभ्र, गाल गुळगुळीत आणि हात कायम जोडलेले. गटारासाठी सिमेंट आलं की गटार अर्धवट राहायचं आणि अण्णाच्या घराची भिंत वाढायची. दुष्काळात पोरांना खायला सरकारी सुकडी आली, ती त्याच्या म्हशींच्या अंगी लागली. हे सगळं सगळ्यांना ठाऊक होतं. मला त्याचा राग होताच, पण त्याहून जास्त राग होता बोळाचा. दाढी करता करता सलूनवाला सांगायचा, "खातो, पन काम करतो की." किराणावाला म्हणायचा, "सगळेच खातेत मास्तर. ह्यो निदान आपला हाय." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एका भुरट्याने सायकलचा पंप उचलला म्हणून त्याला विजेच्या खांबाला बांधून रक्त येईपर्यंत बडवणारी हीच माणसं. अण्णा दिसला की हार आणायला पळायची. पंप चोरला तर चोर, सिमेंट चोरलं तर पुढारी. पंपवाल्याने आणखी मोठा हात मारायला हवा होता, एवढीच त्याची चूक.

अक्का मात्र 'खातो पण' असं म्हणणाऱ्यांतली नव्हती. तिचं म्हणणं, तो खातच नाही. "तुमी बगितलाव का खाताना?" असं डोळे वटारून विचारायची. याला कारण होतं.

आमच्या बोळात नळ बसला तेव्हा अण्णाचं भाषण झालं होतं. त्यात तो म्हणाला होता, "मी तुमच्यातलाच आहे. माझीही घागर तुमच्या रांगेत आहे असं समजा." टाळ्या पडल्या, पेढे वाटले, लोक घरी गेले आणि भाषण विसरले. अक्का विसरली नाही. दुसऱ्या दिवशी तिने घरातली एक जुनी जस्ताची घागर काढली, तिच्या गळ्याभोवती लाल रंगाचा पट्टा ओढला आणि आणून रांगेत ठेवली.

"अन्नांची हाय. रांगेत हाय म्हनाले की."

तेव्हापासून ती घागर रोज रांगेत असायची. कधी पुढे, कधी मागे, जशी जागा मिळेल तशी. तिचा नंबर आला की अक्का ती भरायची आणि ज्याच्या घरी त्या दिवशी अडलं असेल त्याच्या दारात नेऊन ठेवायची. कुठे तापाचा माणूस, कुठे बाळंतीण, कुठे अचानक आलेले पाहुणे. "अन्नांचं पानी हाय," असं सांगायची. स्वतःच्या घरात त्यातला तांब्यासुद्धा तिने कधी घेतला नाही. लोक त्या घागरीला हात लावून नमस्कार करायचे. उन्हात बसून घागर राखणार अक्का आणि दुवा मिळणार त्या गुळगुळीत माणसाला. मला ते बघवत नसे.

एकदा न राहवून म्हणालो, "अक्का, हे पाणी तुमचं आहे. त्याचं नाव कशाला लावता?"

"मानसानं शबूद दिलाय मास्तर. त्यास्नी येळ न्हाय म्हनून मी ठेवते त्यांची घागर. मिलवाल्यांच्या ठेवलेल्या चालतात, त्यांची का नको?"

तिच्या हिशेबात खोट नव्हती. खोट होती ती शब्द देणाऱ्यात.

उन्हाळा चढला आणि नळ पुरता कोरडा पडला. मग टँकर यायला लागला. टँकरसमोरही तीच रांग, तीच पायरी, तोच अंगठा. अशाच एका दिवशी सकाळी अक्काची सून घरातच बाळंत झाली. मुलगा झाला. घरात होतं नव्हतं तेवढं पाणी संपलं आणि सुईण आतून ओरडायला लागली, "पानी आना गं, पोराला तसंच ठेवू का?" अक्काची स्वतःची घागर त्या दिवशी फार मागे होती. लाल पट्ट्याची मात्र पुढे होती. अक्का पहिल्यांदाच हसऱ्या तोंडाने म्हणाली, "आज अन्नांचं पानी माज्या नातवाला."

टँकर आला. बोळाच्या तोंडाशी त्याचा वेग कमी झाला, बायका उठून उभ्या राहिल्या, आणि तो तसाच पुढे निघून गेला.

"अण्णांकडे चाललाय," सलूनवाला म्हणाला. "वरच्या मजल्याचा स्लॅब टाकलाय ना, पानी मारायला पायजे."

अक्काने लाल पट्ट्याची घागर कमरेवर घेतली आणि चालायला लागली. मी तिच्या मागे गेलो. अण्णाच्या घरासमोर टँकर उभा होता. नव्या स्लॅबवर मातीचे बांध घालून तळं केलं होतं, त्यात नळीने पाणी सोडलं होतं. कडेने पाणी ठिबकत होतं आणि त्या ठिबकणाऱ्या पाण्याखाली शेजारच्या बायका डबे धरून उभ्या होत्या. "अण्णांमुळं आमास्नी एवढं तरी मिळालं बगा," त्यांतली एक मला म्हणाली. मी तोंड फिरवलं.

अण्णा दारात खुर्ची टाकून बसला होता. "या अक्का. सून काय म्हणतेय?"

"बाळंत झाली. घरात पानी न्हाय. अन्ना, ह्ये पानी आमच्या बोळाचं न्हवं?"

"तुमचंच की! पण स्लॅबला पाणी मारलं नाही तर तडे जातात. उद्या पाठवतो तुमच्याकडे."

अक्काने घागर पुढे केली. "पन तुमची घागर तर रांगेत हाय."

"कसली घागर?"

"तुमची. नळ बसवताना तुमी म्हनला न्हवता? मी रोज ठेवते."

अण्णाने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तो खदखदून हसला. त्याच्याभोवतीची माणसंही हसली. "अहो अक्का, भाषणात बोलतो माणूस!" मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, नोकराला म्हणाला, "भर रे यांची घागर. बाळंतीण आहे घरात."

अक्का घागर हिसकावून घेईल, असं मला वाटलं. हिसकावून घ्यावी असं मनातून वाटत होतं. पण घरी सुईण ओरडत होती आणि नातू तसाच पडला होता. ती घागर भरेपर्यंत उभी राहिली. भरलेली घागर कमरेवर घेतली. वाटेत एकच वाक्य बोलली.

"आज माज्या हातानं रांग मोडली मास्तर."

बोळात ही बातमी आमच्याआधी पोहोचली होती. अण्णांनी स्वतः अक्काची घागर भरून दिली, काय मन आहे माणसाचं! आपला टँकर कुणी पळवला, हे कुणीच बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. अक्का पायरीवर बसली होती, सूप मांडीवर होतं. हवालदारणीने पितळी घागर सगळ्यांच्या पुढे ठेवली आणि सवयीने अक्काकडे बघितलं. अंगठा हलला नाही.

"अक्का, काही म्हणत नाही का तुम्ही?" शेवटी हवालदारणीनेच विचारलं.

"कुटल्या तोंडानं म्हनू?"

त्यानंतर रांग राहिली नाही. ज्याचा कोपर जोरकस त्याचं पाणी. महिनाभरात एकाचं डोकं घागरीनेच फुटलं. अक्का पायरी सोडून घरात बसून विड्या वळायला लागली. लाल पट्ट्याची घागर दारात पालथी पडलेली असायची. मी येता-जाता बघायचो आणि मला त्या माणसाच्या जोडलेल्या हातांची शिसारी यायची.

पुढे पाऊसपाणी झालं, नळ सुरू झाला आणि निवडणूकही आली. बोळाच्या तोंडाशी टेबल मांडून सभा झाली. अण्णा रंगात आला होता. "दुष्काळात आपल्या अक्कांचा नातू जन्मला. घरात थेंब नाही! मी म्हटलं, माझा स्लॅब गेला खड्ड्यात, आधी अक्कांची घागर भरा!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत अक्का आली. कमरेवर लाल पट्ट्याची घागर, काठोकाठ भरलेली. त्या दिवशी दुपारी ती नळावर सगळ्यांच्या मागे उभी राहिली होती. घागर ठेवून नव्हे, स्वतः. तिने घागर टेबलावर ठेवली.

"घ्या अन्ना. रांगेत उबी राहून भरलंय. आता माज्या नातवाच्या अंगावर तुमचं कायबी न्हाय."

मला वाटलं, आता कुणीतरी बोलेल. एवढ्या माणसांत एकाला तरी लाज वाटेल.

अण्णाने घागर उचलली, ओंजळ भरून पाणी प्यायला, उरलेलं डोक्यावर ओतून घेतलं. "अक्कांनी मला पाणी पाजलं! यापेक्षा मोठा आशीर्वाद कुठला?" शिट्ट्या, टाळ्या, गुलाल. कुणीतरी अक्काला खुर्चीत बसवलं आणि तिच्याही गळ्यात हार घातला. सलूनवाला माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बगा मास्तर, किती साधा मानूस."

अक्काने हार काढला, खुर्चीवर ठेवला आणि रिकामी घागर घेऊन ती घरी गेली. अण्णा निवडून आला. आमच्या बोळाने त्याला भरभरून मतं दिली.

अक्काचा मुलगा कामाला जायचा ते माग बंद पडले तेव्हा ते सगळे भिवंडीला निघाले. नातू तेव्हा दुडूदुडू चालायला लागला होता. निघायच्या सकाळी अक्का माझ्या दारात आली आणि तिने लाल पट्ट्याची घागर उंबऱ्यापाशी ठेवली.

"ही ठेवा मास्तर."

"मी काय करू?"

"ज्याची हाय त्याला द्या."

रागाने म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने ते राहिलेलं काम सोपवावं तसं सांगितलं. अजूनही तिच्या लेखी घागर त्याचीच होती. अक्का बोळाच्या तोंडाशी दिसेनाशी झाली. परत काही ती आली नाही.

पुढच्या निवडणुकीला अण्णा माझ्या दारात आला, हात जोडून. मी आत गेलो, घागर आणली आणि त्याच्यासमोर ठेवली.

"ही तुमची आहे. अक्कांनी द्यायला सांगितली होती."

"कोण अक्का?"

त्याने वाकून घागरीवर टिचकी मारली, लाल पट्ट्यावरून बोट फिरवलं, आणि प्रसन्न हसला. "जुनी आहे, पण चांगली आहे. राहू द्या मास्तर तुम्हालाच. माझ्याकडून भेट समजा."

मागची माणसं हसली. सलूनवाल्याने टाळ्या वाजवल्या. अण्णा पुढच्या दाराला गेला, तिथे आरतीचं ताट तयार होतं.