उंबऱ्याबाहेरची लदीन

मरोळच्या गावठाणात बास्त्याव मिस्किटाइतका भित्रा माणूस दुसरा नव्हता, आणि हे त्याला स्वतःलाही मान्य होतं. तो कुत्र्याला भ्यायचा, विजेला भ्यायचा आणि पोस्टमन दारात दिसला की पत्र हातात घेण्याआधी खुर्चीत बसून घ्यायचा. अंधेरीच्या एका लाकडाच्या वखारीत तो माप घ्यायच्या कामावर होता. दिवसभर वासे-फळ्या मोजायच्या, संध्याकाळी कापडी टेप गुंडाळून खिशात घालायची आणि घर गाठायचं. त्या टेपची इतकी सवय झाली होती की भीतीसुद्धा तो फुटांत मोजायचा. कोपऱ्यावरचा कुत्रा साखळीसकट नऊ फुटांपर्यंत येतो, म्हणून हा दहा फुटांवरून जायचा. बायको, फिलू, चारचौघांत विचारायची, "लग्नात माझ्यापासून किती फुटांवर उभा होतास ते आठवतं का रं?" त्याला बरोबर आठवायचं, पण तो सांगायचा नाही.

असल्या माणसाकडे गावाची लदीन आली ती केवळ आजोबांमुळे. लदीन म्हणजे क्रुसापुढची लांबलचक आळवणी. पुढच्यानं एकेका नावानं मारियामायला हाक मारायची आणि मागच्यांनी दर वेळी तोच एक जबाब द्यायचा. गल्लीच्या तोंडावरचा दगडी क्रूस आजोबांनी प्लेगच्या साली नवस बोलून उभा केला होता. प्लेग म्हणे क्रुसापर्यंत आला, थबकला आणि मागल्या पावली गेला. कुठे गेला, ते पलीकडच्या पाड्याला विचारायची कुणाची छाती नव्हती. तेव्हापासून मे महिनाभर रोज संध्याकाळी क्रुसाला झेंडूचे हार पडायचे, म्हाताऱ्या लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन बसायच्या, मिस्किटांच्या घरचा पुरुष व्हायोलिन खांद्याला लावायचा आणि शेवटी सगळ्यांना उकडलेले चणे मिळायचे. चण्यांमुळे हजेरी बरी असायची, असं वाईट तोंडाची माणसं म्हणत. ती माणसंही हजर असायची.

आता त्या जबाबाची गोष्ट. लदीन लॅटिनमध्ये. जबाब असतो 'ओरा प्रो नोबिस'. गावठाणात लॅटिन येणारा मनुष्य एकही नव्हता, पण कान सगळ्यांना होते. साठ वर्षं कानांनी ऐकून आणि तोंडांनी घोळून त्या जबाबाचं झालं होतं 'आवरा पोरांनो, बस!' आणि गाव ते मनापासून, टाळ्यांच्या तालावर म्हणायचं.

त्याचा अर्थही पक्का होता. तो मिंगीमायनं लावला होता. मिंगीमाय बास्त्यावची धर्ममाता. बाप्तिस्म्याला त्याला हातात धरून तीच उभी राहिली होती. घर समोरच, मधे गल्ली. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा कधीच गेलेला, आणि भीती हा प्रकार तिला ठाऊक नव्हता. एकदा बिबळ्या तिच्या कोंबड्यांवर आला तर तिनं त्याला केरसुणी फेकून मारली होती. ती सांगायची, "रोगराई म्हणजे काय? मोकाट सुटलेली व्रात्य पोरं. मारियामाय अंगणात येऊन ओरडते, आवरा पोरांनो, बस! की गपगुमान घरी जातात."

सत्तावन्न सालच्या मे महिन्यात बांद्र्याहून नवे धाकटे फादर आले. शिकलेले, चष्मेवाले, स्वभावानं गरीब. पहिल्याच संध्याकाळी ते क्रुसाजवळ उभे राहिले, दहा-बारा जबाब ऐकले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. लदीन संपल्यावर हळूच म्हणाले, "जबाब जरा सुधारायला हवा. ओरा प्रो नोबिस. म्हणजे, आमच्यासाठी विनंती कर."

मिंगीमाय म्हणाली, "विनंती करून पोरं ऐकतात कुठं, फादर? तुम्हांला पोरं नाहीत."

तिलाही नव्हती, पण तो मुद्दा कुणी काढला नाही.

फादरांनी तीन संध्याकाळी तालीम घेतली. चौथ्या दिवसापासून गाव शुद्ध म्हणू लागलं. सगळे जीभ सांभाळून, एकमेकांच्या तोंडाकडे बघत म्हणायचे. टाळ्या बंद झाल्या. बास्त्यावनं जबाब सगळ्यांत आधी पाठ केला, कारण फादरांनाही तो भ्यायचा. मिंगीमाय येऊन बसायची, चणे घ्यायची, पण तोंड उघडायची नाही.

आणि मे संपता संपता तो फ्लूचा ताप आला.

बंदरावर बोटीतून उतरला म्हणे. बातमी आणली काशीरामनं. हा सावंतवाडीकडचा, गिरणीत कामाला, बास्त्यावच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचा. "आमच्या खात्यात निम्मी मानसा आडवी," तो म्हणाला. बास्त्यावनं विचारलं, "कुर्ल्यापर्यंत आला का?" काशीराम म्हणाला, "ओ बास्त्यावानू, ताप काय रस्तो इचारीत येता? कुर्ल्यात कालच इलो." आठवड्यात साकीनाका झालं, मग मरोळ. घराघरांत माणसं अंग मोडून पडली. बहुतेक उठत होती, पण दोन म्हातारी माणसं उठली नाहीत, आणि दोघांच्या अंत्ययात्रेला बास्त्याव गेला नाही. त्यानं शोक घरातून केला.

फादरांनी सांगितलं, गर्दी नको, प्रार्थना आपापल्या घरी करा. बास्त्यावला हा हुकूम फार आवडला. त्यानं खिडक्या लावल्या, उशाशी कापूर ठेवला, गळ्यात आणखी एक ताईत घातला. तो मारियामायचाच होता, पण दुसऱ्या दुकानातला. वखारीतून येताना नाकावर रुमाल बांधायचा. दिवसातून तीनदा रोझरी म्हणायचा, आणि प्रत्येक मणी हलवताना खोकला कुठल्या घरातून ऐकू येतो, याकडे कान असायचे.

मंगळवारी तो मिंगीमायच्या घरातून ऐकू आला.

बास्त्यावनं आपल्या उंबऱ्यापासून तिच्या उंबऱ्यापर्यंत टेप लावली. साडेअकरा फूट. फिलू तांदळाची पेज घेऊन रोज दोनदा ते साडेअकरा फूट ओलांडायची, आणि परत आली की हा तिला अंगणातच साबणानं हात धुवायला लावायचा. गुरुवारी ती हात न धुताच आत आली.

"म्हातारीचं काही खरं नाही," ती म्हणाली. "ताप उतरत नाही. आणि बास्त्याव, ती घाबरलीय."

"कोण?"

"मिंगीमाय. माझा हात सोडीना. प्लेगमध्ये पाच वर्षांची होती, आई शेजारी निजलेली, सकाळी उठली तर गेलेली. म्हणते, तसाच वास येतो. म्हणते, मला क्रुसापर्यंत जाता येत नाही, बास्त्याला सांग, माझ्या दाराशी लदीन कर. लदीनीशिवाय तशीच नको जायला मला."

बास्त्याव खाली बसला. बिबळ्याला केरसुणी मारणारी बाई घाबरते, तर मग आपण काय करायचं, हे त्याला समजेना. म्हणाला, "फादरांना विचारायला हवं. गर्दी नको म्हणालेत."

तो तसाच चर्चवर गेला. फादर नक्की नाही म्हणतील, असा त्याचा विश्वास होता. तेवढ्या विश्वासानं त्यानं आयुष्यात दुसरी कुठली गोष्ट मागितली नव्हती. पण फादर म्हणाले, "उंबऱ्याबाहेर दोघं-तिघं उभं राहून म्हणा की. चांगलं काम आहे. जबाब मात्र शुद्ध हवा." बास्त्याव पडलेल्या चेहऱ्यानं घरी आला. घरी काशीराम होता.

"जाऊ का रे मी?"

"माका कित्याक इचारतास? तुमचो देव, तुमची म्हातारी."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटता तर! म्हनान तर मी तुमच्या मागे उभो रवतलंय."

संध्याकाळी सहाला बास्त्याव निघाला. इस्त्रीचा कोट, नाकावर रुमाल, हातात व्हायोलिन. मिंगीमायच्या उंबऱ्यापासून चार फुटांवर तो थांबला. मागे फिलू, तिच्यामागे काशीराम. उघड्या दारातून अंधारी खोली आणि खाटेचा एक पाय दिसत होता. त्यानं गज ओढला. हात कापत असल्यामुळे सूर आपोआप थरथरला, आणि गल्लीतल्या लोकांना वाटलं, काय भाव आहे! खिडक्या एकेक करून उघडल्या.

रुमालातून पहिली हाक निघाली ती कुणालाच कळली नाही. फिलू म्हणाली, "रुमाल काढ. मारियामायला काय नाकात बोलून बोलावतोस?" त्यानं रुमाल काढला.

"सांता मारिया..."

फिलूनं शुद्ध जबाब दिला. काशीराम ओठ हलवत राहिला. आतून काही नाही.

दुसरी हाक. तिसरी. आतून काही नाही.

"माय," बास्त्यावनं व्हायोलिन खाली घेतलं, "जबाब दे की गो."

आतून घरघर ऐकू आली. मग आवाज आला, तो मिंगीमायचा आहे हे सांगावं लागलं असतं. "ते नवीन माझ्या तोंडात बसत नाही रं, बास्त्या. विनंती करायला जोर लागतो. माझ्यात नाही. तूच ओरड."

बास्त्याव वळला, फिलूकडे बघायला. फिलूच्या मागे काशीराम होता आणि काशीरामच्या मागे धाकटे फादर उभे होते. म्हातारीला शेवटचं पवित्र तेल लावायला आले होते, हातात लहानशी डबी. चष्मा जागेवर होता.

समोर ताप होता आणि मागे फादर. असल्या वेळी बास्त्याव नेहमी बाजूला सरकायचा, पण दोन्ही बाजूंना खिडक्यांतून अख्खी गल्ली बघत होती, सरकायला बाजूच नव्हती. त्यानं डोळे मिटले, हाक मारली आणि जबाबही स्वतःच दिला, वखारीतल्या हमालाला हाक मारावी तसा:

"आवरा पोरांनो, बस!"

आतून, क्षीण पण तालात, टाळी वाजली.

मग खिडक्यांनीही घेतलं. तापानं आडव्या झालेल्यांनीसुद्धा खाटांवरून घेतलं. फादरांचे ओठ हलत होते. ते शुद्ध म्हणत होते, असं फिलू सांगते. काशीराम शपथेवर वेगळं सांगतो, पण काशीरामला लॅटिन येत नाही.

विसाव्या की एकविसाव्या हाकेला आतली टाळी थांबली. बास्त्याव थांबला. गल्ली थांबली. फिलू पुढे व्हायच्या आत बास्त्याव चालू लागला होता. आत गेल्यावरच त्याच्या लक्षात आलं की आपण आत आहोत.

मिंगीमाय डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होती. त्यानं तिचा हात धरला. हात तव्यासारखा तापला होता.

"गेलीस का गो?" त्यानं विचारलं. त्याला दुसरं काही सुचलं नाही.

"पाणी दे," ती म्हणाली. "थांबलास का? अजून निम्मी बाकी आहे."

त्यानं मडक्यातलं पाणी पाजलं आणि खाटेच्या कडेला बसला. तेल लावून झाल्यावर फादर परतले. बास्त्याव उरलेली लदीन व्हायोलिनशिवाय, हळू आवाजात म्हणत राहिला. एका हातात तिचा हात होता, त्यामुळे टाळ्या झाल्या नाहीत. ती झोपली तरी त्यानं हात काढला नाही. तिनं धरून ठेवला होता की त्यानं, यावर गल्लीत दोन मतं आहेत.

सकाळी तिला घाम फुटला. तिनं पेजेबरोबर भाजलेला बोंबील मागितला आणि म्हणाली, व्हायोलिन फार बेसूर होतं.

शनिवारी बास्त्यावला ताप भरला. एकशे तीन. अंग ठणकत होतं, दात वाजत होते. फिलू रात्रभराच्या तयारीनं पाण्याच्या पट्ट्या घेऊन उशाशी बसली. आता हा पाद्री बोलाव, वकील बोलाव म्हणेल, अशी तिची खात्री होती. बास्त्याव काहीच बोलेना, तेव्हा तिलाच चिंता वाटू लागली. कपाळावर पट्टी ठेवत तिनं विचारलं, "काय रं, भीती वाटते?"

"वाटते ना," तो म्हणाला आणि कुशीवर वळला. "पण झोप जास्त येतेय. खिडकी उघड जरा, हवा येऊ दे."