सावकाराकडून शिकलेली जपानी

मशीनखाली चुरा साचतो ना, तसे किस्से साचतात. शिफ्ट चालू असताना लक्षच जात नाही. काम संपवून झाडू हातात घेतला की कळतं, अरे, हे तर पोतंभर निघालं! आमच्या जपानी क्लासचं तसंच झालं. शिकत होतो तेव्हा कुणाला हसू येत नव्हतं. आता निकाल लागलाय, सगळ्यांनी एकदाचा श्वास सोडलाय, आणि दिल्लीच्या द्वारकेत आमच्या घरी कुणीही चहाला आलं की मामा म्हणतात, "सागर, तो सांग रे, तो!"

मला चारचौघांत बोलता येत नाही. म्हणून लिहून काढतो.

आधी थोडी माहिती. माझी शाळा नववीत सुटली. मामांची इथे केंद्र सरकारची नोकरी. त्यांनी मला दिल्लीला आणलं आणि मानेसरला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात लावून दिलं. हेल्परचा ऑपरेटर झालो. मग एक दिवस नोटीस लागली. एका ऑपरेटरला जपानच्या प्लांटमध्ये ट्रेनिंगला पाठवणार, आणि परत आला की थेट सुपरवायझर! शिक्षणाची अट नाही. फक्त जपानहून येणाऱ्या साहेबांशी त्यांच्या भाषेत थोडं बोलून दाखवायचं.

एरवी डिप्लोमा नसलेल्या माणसाला त्या खुर्चीच्या आसपास कुणी उभं करत नाही. आणि मी तर मराठीतही बोलायचं म्हटलं की घाम फुटणारा!

मामांनी मला आमच्याच सोसायटीतल्या कर्णिक मॅडमकडे नेलं. मॅडम सरकारी दुभाषी होत्या, आता रिटायर. रविवारी घरी जपानी शिकवतात. क्लासमध्ये दोघंच, मी आणि इम्रानदादा. दादा सोलापूरचा, गुरुग्रामला आयटीत. मामा तिसरे, पण ते चहापुरते.

पुस्तक माझ्या डोक्यात शिरेना. 'हे टेबल आहे, ती खिडकी आहे' वाचलं की मला थेट शाळाच आठवायची. शेवटी दादानं एक दिवस पिशवीतून जाडजूड कॉमिक्स काढली. त्याच्या कलीगनं टोकियोहून आणलेली. बेकायदा सावकारी करणाऱ्या एका चष्मेवाल्या माणसाची जपानी मांगा. बँक ज्यांना दारात उभी करत नाही, त्यांना हा पैसे देतो, आणि दहा दिवसांत निम्मं व्याज! पहिलं व्याज तर देतानाच कापून घेतो. याच्यावर टीव्ही सिरीज निघाली, पिक्चर निघाले.

"भावा, खिडकी सोड," दादा म्हणाला. "चित्रं पुस्तकात बघ, आवाज सिरीजमध्ये ऐक. महिन्याभरात बोलायला लागशील!"

आणि खरंच लागलो. फक्त काय बोलायला लागलो, ते मॅडमना जरा उशिरा कळलं. माझे पहिले तीन शब्द होते: काने, म्हणजे पैसे. रिसोकु, म्हणजे व्याज. आणि काएसे, म्हणजे परत कर!

*

मॅडमना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे, ही काय भाषा आहे? हा माणूस एकाही वाक्यात 'कृपया' म्हणत नाही!"

दादा म्हणाला, "मॅडम, सावकार आहे तो. कृपया म्हटलं तर बुडेल."

मॅडमनी एक एपिसोड बघायचं कबूल केलं, तेही त्यातल्या चुका दाखवायला. रिमोट त्यांच्या हातात. सावकाराची माणसं कुणाच्या तरी खोलीवर आली होती. आत कर्जदार पांघरुणात लपलाय, दारावर धाडधाड लाथा. मी श्वास रोखून बसलेलो. एवढ्यात मॅडमनी चित्र थांबवलं.

"काय झालं, मॅडम?"

"लाथा राहू देत. क्रियापद बघा! आज्ञार्थाचं इतकं स्वच्छ उदाहरण माझ्या पुस्तकात नाही!"

त्या रविवारी आम्ही चार एपिसोड पाहिले. चौथा मॅडमच्या आग्रहाखातर.

*

मामी मूळची अकोल्याची. ती स्वयंपाकघरात असायची आणि मी बाहेर मोबाईलवर सिरीज लावून बसायचो. जपानीत दरडावून 'तू' म्हणायचं तर 'ओमाए' म्हणतात. या सिरीजमध्ये तर उठता बसता ओमाए. धमकी देताना ओमाए, मार खाताना ओमाए.

एक दिवस मामी पोळी लाटता लाटता बाहेर आली. डोळे भरलेले. मला वाटलं, आधी कांदा चिरला असेल.

"काय गं मामी?"

"काही नाही रे. किती सोसतात बिचारे! पण मार खातानासुद्धा प्रत्येकजण 'ओ माय, ओ माय'च म्हणतो बघ. आपल्या अकोल्यासारखंच!"

मी तिला खरा अर्थ अजून सांगितलेला नाही.

*

मामांना जपानी येत नाही, पण सुटीच्या दिवशी त्यांना हातात काहीतरी वाचायला लागतं. एका दुपारी त्यांनी माझ्या उशाशी असलेली मांगा घेतली आणि नुसती चित्रं बघत अख्खी संपवली. संध्याकाळी क्लासला आले ते एकदम भारावून.

"मॅडम, तुम्ही उगाच नावं ठेवता. काय देवमाणूस आहे हा चष्मेवाला!"

आम्ही तिघं बघतच राहिलो. ज्या भागात एका शोबाज पोराचं पार वाटोळं होतं, तोच मामांनी वाचला होता.

"देवमाणूस?" दादानं विचारलं.

"मग काय! सुरुवातीला तो पोरगा रस्त्यावर झोपलेला असतो. अंगावर धड कपडा नाही. मग हा चष्मेवाला त्याला भेटतो. हळूहळू पोराला खोली मिळते, नवे कपडे येतात, मित्र परत येतात, मैत्रीणसुद्धा परत येते! शेवटच्या पानावर तर क्लबमध्ये ऐटीत नाचतोय! आणि हा चष्मेवाला? हा हळूच गोष्टीतून निघूनच जातो. श्रेय घ्यायलासुद्धा थांबत नाही!"

जपानी पुस्तक उजवीकडून सुरू होतं. मामांनी ते डावीकडून वाचलं होतं.

मॅडमनीच शेवटी त्यांना समजावलं. मामांनी पुस्तक उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाले, "माझ्या बाजूनं गोष्ट जास्त चांगली आहे."

मला ते पटतं. पुस्तकातली कर्जदाराची खोली मी कितीतरी वेळ बघत बसायचो. न घासलेली भांडी, कोपऱ्यातला कचरा, सगळं बारीक रेघांनी काढलेलं. पडद्यावर तीच खोली क्षणात निघून जाते. तिथे भीती वाटते ती सावकाराच्या आवाजाची. तो ओरडत नाही. मानही हलवत नाही. हळू, जाड आवाजात 'काएसे' टाकतो, नाहीतर 'रिसोकु वा?', म्हणजे 'व्याजाचं काय?', आणि थांबतो. मी तो आवाज बाथरूममध्ये दार लावून काढून बघायचो. माझ्या गळ्यातून असा आवाज निघतो हे मला तोवर माहीतच नव्हतं.

*

मधेच एक खरीखुरी भानगड झाली. मामांच्या ऑफिसातल्या कुणीतरी कसल्याशा लोन ॲपवरून पैसे उचलले आणि रेफरन्स म्हणून मामांचा नंबर दिला. विचारलंसुद्धा नाही! वसुलीवाला रोज मामांना फोन करायचा. "अंकल, उससे बोलो, नहीं तो आपके पूरे ऑफिस को फोन लगाएंगे." वर शिव्या. मामा साधे माणूस, बीपीची गोळी चालू. फोन वाजला की जेवण अर्धवट टाकून उठायचे. तक्रार केली होती, पण फोन काही थांबेनात.

एकदा जेवताना फोन आला. मामांचा चेहरा बघून मला काय झालं कुणास ठाऊक. मी फोन घेतला. हिंदीत भांडायची माझी हिंमत नाही. पण जपानीत होती!

हळू, जाड आवाजात म्हणालो, "ओमाए." थांबलो. "काने." पुन्हा थांबलो. "काएसे."

पलीकडे त्यांच्या ऑफिसातला पंखा ऐकू येत होता. मग तो माणूस एकदम अदबीनं म्हणाला,

"सर... आप किस कंपनी से रिकवरी करते हैं?"

त्यानंतर फोन आला नाही. मामांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा वरण वाढून घेतलं.

*

येणाऱ्या साहेबांचं नाव मोरी. जपानमध्ये हे अगदी साधं आडनाव आहे, मोरी-सान. घरी मी फक्त 'जपानी साहेब' म्हणत होतो, त्यामुळे मामीला हे माहीत नव्हतं.

ज्या दिवशी मुलाखत होती, त्याच दिवशी सकाळी कळलं की साहेबांचं विमान चुकलं, मुलाखत उद्या. घरचे काळजीत असणार म्हणून मी कारखान्यातून, मशीनपासूनच फोन केला. मागे प्रेस मशीनचा धडाधड आवाज.

"मामी, मोरीचं आज काही होत नाही! उद्या बघू!"

"काय? मोरीचं?"

"हो, मोरी! तू टेन्शन घेऊ नकोस!"

संध्याकाळी घरी आलो तर बाथरूमचा पाइप उघडलेला, आत प्लंबर, आणि मामी कमरेवर हात ठेवून उभी. "उद्यापर्यंत कोण थांबतंय! म्हटलं आजच बघून घेऊ."

प्लंबर हात पुसत बाहेर आला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मोरी तो एकदम बढ़िया है जी. आप लोग खामखा डर रहे हो!"

खरं सांगतो, त्या आठवड्यात मला दुसऱ्या कुणीच इतका धीर दिला नाही.

*

आता 'तो' किस्सा.

निघताना मॅडमनी बजावलं होतं. "सागर, प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'कुदासाई'. म्हणजे 'कृपया'. परत द्या म्हणायचं तर 'काएशिते कुदासाई'. तुझ्या त्या सावकाराचा एक जरी शब्द तोंडातून निघाला ना, तर मला तोंड दाखवू नकोस."

मुलाखत माझ्याच मशीनपाशी होती. मोरी-सान, प्लांट हेड आणि एचआरच्या मॅडम. मोरी-सान बुटके, पांढऱ्या केसांचे, चेहऱ्यावर काहीच नाही. मी नाव सांगितलं. त्यांनी कानामागे हात धरला. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा हात धरला. प्रश्न सगळे कळत होते, उत्तरंही येत होती, पण आवाज गळ्याच्या वर येईना. कुदासाई म्हणता म्हणता मी एवढा हळू झालो की मलाच ऐकू येईना. प्लांट हेडनी घड्याळ बघितलं. मोरी-साननी कागदावर काहीतरी छोटंसं लिहिलं. मला समजलं. संपलं.

जाता जाता त्यांनी माझ्या बेंचवरचा माप घ्यायचा व्हर्नियर उचलला, एक पार्ट मोजला, मान हलवली, आणि बोलता बोलता व्हर्नियर स्वतःच्या खिशात घालून चालायला लागले.

आमच्याकडे टूल रूममधून व्हर्नियर घेताना आपल्या नंबरचं पितळी टोकन खिडकीवर टांगावं लागतं. व्हर्नियर परत केला की टोकन मिळतं, आणि टोकन दाखवल्याशिवाय गेटमधून बाहेर सोडत नाहीत. मग तुम्ही कुणीही असा. शिफ्ट संपत आली होती. बाहेर कंपनीची बस लागलेली.

जपान तर गेलंच होतं. आता घरीही जाता येणार नव्हतं!

मी त्यांच्या मागे धावलो. कर्णिक मॅडमचं वाक्य मनात धरलं होतं, पूर्ण, कुदासाईसकट. तोंड उघडलं. पण जो आवाज निघाला तो बाथरूममधला होता. हळू. जाड.

"काएसे."

एचआरच्या मॅडमना जपानी येत होती. त्यांनी डोळे मिटून घेतले.

मोरी-सान थांबले. सावकाश वळले. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग खिशातून व्हर्नियर काढला, रुमालानं पुसला, दोन्ही हातांवर ठेवून माझ्यापुढे धरला, कमरेत वाकले, आणि माझ्याहूनही जाड आवाजात विचारलं,

"रिसोकु वा?"