मावशींच्या पुडीतली पांढरी गोळी

आमच्या मेडिकल कॉलेजच्या मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या चंद्रभागाबाई गेल्या दसऱ्यानंतर मरता मरता वाचल्या. तेव्हापासून माझं डोकं जे तापलंय ते काही थंड होत नाही. मी इथे फार्माकॉलॉजी शिकवते. कुठलं औषध शरीरात काय करतं, किती वेळ टिकतं, कुठे घात करतं, हे सांगण्याचा मला पगार मिळतो. मुलींच्या होस्टेलची रेक्टरही मीच, त्यामुळे दोन्ही वेळचं जेवण मेसमध्ये. म्हणजे हे सगळं माझ्या नाकासमोर घडलं.

चंद्रभागाबाई नांदगावकडच्या. नवरा गेल्यावर नाशिकला आल्या, पंचवटीतल्या एका मंगल कार्यालयात पंगतींसाठी पोळ्या लाटत होत्या. तिथून आमच्या मेसवाल्याने त्यांना आणलं. ओट्याशी उभं राहायचं आणि लाटत सुटायचं. जिभेला हाड नाही. अर्धी पोळी टाकून उठणाऱ्या पोराला "बापाच्या घरचं हाय का रं?" असं सगळ्यांदेखत विचारणार, आणि एखादी मुलगी तापाने पडली की न सांगता तिच्या खोलीवर मऊ भात पाठवणार. पोरं त्यांना मावशी म्हणतात.

उभं राहून राहून त्यांचे गुडघे कामातून गेले. समोर दवाखान्याची एवढी मोठी इमारत, पण तिथे रांगेत उभं राहायचं तर पोळ्या कोण करणार? त्या भावाकडे गेल्या असताना त्याने शेजारच्या गावातल्या एका डॉक्टरकडे नेलं. याची डिग्री कसली, ते मला आजवर कुणी धड सांगितलेलं नाही. पण त्याची पुडी त्या भागात रामबाण मानतात. पुडीची रीत अशी, की गोळ्या पाकिटातून सोडवून कागदात बांधायच्या. पाकीट द्यायचंच झालं, तर ते असं कातरायचं की नाव कचऱ्यात आणि गोळी पेशंटच्या हातात. पेशंटला फक्त रंग ठाऊक. पांढरी सकाळी, गुलाबी रात्री, पिवळी जेवायच्या आधी. नाव कळलं तर माणूस दुसऱ्या कुणाला दाखवेल, चार प्रश्न विचारेल. ते नको असतं. माणसाला आंधळं ठेवून बरं करायचं, याला मी उपचार म्हणत नाही. याला मी बदमाशी म्हणते.

पुडी लागू पडली, यात वाद नाही. गुडघ्यांची कुरकुर थांबली, भूक वाढली, दिवाळीपर्यंत मावशींचा चेहरा गोल गरगरीत झाला. आता ऐका. स्टेरॉइड खूप दिवस पोटात गेलं की चेहऱ्यावर चरबी साठून तो चंद्रासारखा गोल होतो, हे मी दर वर्षी फळ्यावर चित्र काढून शिकवते. मयूर म्हणून माझा हुशार विद्यार्थी आहे. त्याने परीक्षेत ते चित्र माझ्यापेक्षा सुबक काढलं होतं. तोच मयूर ताट पुढे करत म्हणाला, "मावशी, काय बाळसं धरलंय! आमचं तूप तुम्हीच खाताय वाटतं." मावशी लाजल्या. रांगेतले सगळे हसले. त्या रांगेत मीही होते, त्यामुळे नुसता पोरांवर राग काढून माझं भागत नाही.

असं वर्ष गेलं. पुढच्या नवरात्रात मावशी गावी देवीच्या देवळात घटी बसल्या. घटी बसायचं म्हणजे नऊ दिवस देवळातच राहायचं, उपास धरायचा. गोळीने उपास मोडेल म्हणून त्यांनी पुडी घरीच ठेवली. दसरा करून परत आल्या, दुसऱ्या सकाळी ओट्याशी उभ्या राहिल्या आणि लाटणं हातात घेऊनच खाली कोसळल्या.

मयूर आणि दोघा-तिघांनी उचलून त्यांना कॅज्युअल्टीत नेलं. मी मागोमाग धावले. ड्यूटीवरच्या डॉक्टर तृप्तीने नाडी पाहिली, रक्तदाब घेतला. उपासाचा अशक्तपणा असेल म्हणून सलाईन लावली. सलाईन जात होती, पण रक्तदाब वर यायला तयार नव्हता. साखर खाली गेलेली. मावशींचे ओठ पांढरे पडले होते, हाक मारली तर डोळे उघडायचे आणि मिटायचे.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "मावशी, कुठली औषधं चालू आहेत?"

"पुडी. गुडघ्याची. घटी बसले तवा बंद केली."

त्यांच्या मोबाइलमध्ये डॉक्टरचा नंबर होता. मी लावला.

"तुमच्या पुडीतली पांढरी गोळी कुठली?"

"कोण बोलतंय?"

"तुमची पेशंट इथे मरायला टेकलीय. गोळीचं नाव सांगा."

"म्याडम, साधी ताकदीची गोळी हाय. आजवर कुनाला काय झालं नाय."

"नाव सांगा!"

फोन ठेवला मेल्याने. मी तो परत लावला तर बंद.

मी तृप्तीला म्हटलं, स्टेरॉइडच असणार, वाट पाहू नकोस. तिने शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन दिलं, साखर चढवली. हे औषध आपलं शरीर रोज थोडं थोडं स्वतःच तयार करतं. मूत्रपिंडाच्या डोक्यावरच्या दोन छोट्या ग्रंथींचं ते काम. बाहेरून आयतं मिळायला लागलं की त्या काम सोडून देतात. मग गोळी एकदम थांबवली, तर बाहेरचंही नाही आणि आतलंही नाही, माणूस खचतो. म्हणून डोस हळूहळू उतरवायचा असतो. एवढं एक वाक्य त्या माणसाने बाईला सांगितलं असतं तर! पण ते सांगायचं तर आधी गोळीचं नाव सांगावं लागलं असतं.

दुपार कलली तेव्हा मावशी उठून बसल्या आणि चहा मागितला. मी बाहेर जाऊन रडले. रागानेच रडले.

त्या हिंडू-फिरू लागल्यावर मी त्यांना विचारून वर्गात घेऊन गेले. पोरांना झापझाप झापलं. पुस्तकातला गोल चेहरा ओळखता आणि रोज पोळी वाढणारीचा ओळखत नाही, तर डॉक्टर कसले होता, असं बरंच बोलले. मावशी शेजारी खुर्चीत बसून होत्या. त्यांना मी आम्ही आता चालू केलेल्या स्टेरॉइडच्या गोळीचं नाव सांगितलं, प्रेडनिसोलोन, आणि ती कशी कमी करत न्यायची तेही.

"म्हंजी गुडघं परत दुखनार," त्या म्हणाल्या.

मयूर उभा राहिला. बिचारा मनापासून सांगत होता. "मावशी, दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या. व्यायाम करा. वजन कमी करा. आणि मुख्य म्हणजे जास्त वेळ उभं राहायचं नाही."

सगळं बरोबर होतं. मीच शिकवलेलं होतं.

मावशींचा आवाज चढला. "अन् पोळ्या कोन लाटनार? तू?"

कुणी हसलं नाही. मी मेसवाल्याशी बोलते, खाली बसून लाटता येईल असं काहीतरी करू, असं मी म्हणाले. त्याच्याशी मी आधीच दोनदा भांडले होते. बसून काम उरकत नाही, जमत नसेल तर दुसरी बाई आणतो, असं त्याने तोंडावर सांगितलं होतं. ते मावशींनाही माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खुर्चीच्या हाताला धरून उठल्या, पदर खोचला आणि एकेक पायरी उतरत मेसकडे गेल्या.

संध्याकाळी आम्ही सगळे जेवायला बसलो. पोळ्या गरम होत्या.