मधला दगड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. अब्बासचाचा आपल्या आईच्या कबरीचा जो दगड एकोणीस वर्षं शोधत राहिले, तो माझ्याकडे होता. पाच आठवड्यांपूर्वी चाचा गेल्याचा फोन आला, तेव्हा दुबई मरीनातल्या माझ्या फ्लॅटमध्ये बाल्कनीच्या दाराला तोच दगड लावलेला होता. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून.

चाचा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. त्यांचे आजोबा दाभोळच्या खाडीतून गलबतावर सुतार म्हणून निघाले आणि रास अल खैमाला उतरले. तेलाच्या कितीतरी आधीची गोष्ट. किनाऱ्यावरचं काम संपलं तेव्हा डोंगराच्या पायथ्याशी, खजुराच्या बागांतल्या विहिरींची लाकडी चाकं दुरुस्त करत ते तिथेच राहिले. घरातलं पहिलं माणूस दगावलं तेव्हा गावाने वादीच्या, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या, काठावर जमिनीचा एक तुकडा दिला. पुढे तिथे अकरा कबरी झाल्या. नाव एकीवरही नाही. तिकडची रीत अशी की पुरुषाच्या कबरीला डोक्याशी आणि पायाशी असे दोन दगड, आणि बाईच्या कबरीला मध्ये तिसरा. चाचांची आई गेली तेव्हा ते कोकणात शाळेत होते. परत आल्यावर वडिलांनी त्यांना खालच्या ओळीतल्या तीन कबरी दाखवल्या आणि म्हणाले, "मधला दगड आहे ना, ती तुझी अम्मा." चाचांकडे आईचा एवढाच पत्ता होता.

मी रास अल खैमाला नवा नवा आलो तेव्हा त्यांनीच मला सिरॅमिक्सच्या कारखान्यात चिकटवलं, स्वतःच्या घरात ठेवून घेतलं. दर शुक्रवारी नमाजनंतर मी त्यांना कब्रस्तानात घेऊन जायचो. एकदा थंडीत दोन दिवस पाऊस लागला होता. कबरींची माती धुऊन सगळं सपाट झालेलं. फातिहा पढून निघालो तर वादीच्या ओल्या वाळूत गाडीचं चाक रुतलं. चाचांचे गुडघे दुखत होते, ते गाडीतूनच ओरडले, "यल्ला, बघत काय बसलास? दगडबिगड घाल चाकाखाली!" मी काठावर चढलो आणि पहिला चपटा दगड दिसला तो उचलला. राखाडी, एका बाजूला पांढरी रेघ. माझ्या डोळ्यांना तिथे नुसते दगडच होते... गाडी निघाली. पुढे पुन्हा रुतली तर असावा, म्हणून मी तो डिकीत टाकला.

पुढच्या शुक्रवारी चाचा खालच्या ओळीपाशी उभे राहिले ते हलेचनात. तीन कबरी, तिन्हींना दोन-दोन दगड. मधला दगड बघूनच थेट जायची सवय, त्यामुळे तिन्हींतली अम्माची कुठली ते त्यांना सांगता येईना. मला त्याच क्षणी कळलं. तोंड उघडायला तेवढा एक क्षण होता, तो मी जाऊ दिला.

शेजारी मुराद नावाच्या बलुची माणसाचा बकऱ्यांचा वाडा होता, रचलेल्या दगडांचा. कब्रस्तानातली काटेरी झुडपं तोच तोडायचा, कुणी न सांगता. चाचा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"मुराद, सफेद लकीर वाला पत्थर किधर है?"

"कौन सा पत्थर, अरबाब?" तिकडे मालकाला अरबाब म्हणतात.

"बकरियों के नीचे तो नहीं गया?"

मुराद वाड्याच्या भिंतीपाशी गेला. मग म्हणाला, "आप खुद देख लो." आणि स्वतःच वाड्याची भिंत उतरवायला लागला. एकेक दगड चाचांसमोर उलटा-सुलटा करून ठेवत गेला. बकऱ्या इकडेतिकडे पांगल्या. मी गाडीला टेकून उभा होतो, माझ्या पाठीमागे डिकी. भिंत संपली तेव्हा मुराद म्हणाला, "खलास, अरबाब?" त्यानंतर त्याने चाचांना कधी सलाम केला नाही. झुडपं मात्र तोडत राहिला.

चाचांचा संशय त्यानंतर गेलाच नाही. मुरादवर, खडी नेणाऱ्या ट्रकवाल्यांवर, शेवटी स्वतःच्या आठवणीवर. "वडिलांनी दाखवलं ते मी स्वप्नात तर बघितलं नाही ना रे?" असं त्यांनी एकदा विचारलं. मी म्हणालो, "असेल, चाचा." याहून वाईट वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नाही.

आणि मला संशय, की त्यांना कळलंय. दगड मला फेकवेना आणि परतही ठेववेना, म्हणून दुबईला आलो तेव्हा तो सामानातून आला होता. गेल्या वर्षी ते डॉक्टरसाठी आमच्याकडे दोन दिवस राहिले. बाल्कनीत बसले असताना काठीचं टोक दगडावर टेकवून म्हणाले, "हा कुठला रे?"

"रस्त्यातला."

"मरीनात रस्त्यावर असले दगड मिळतात?" ते हसले. मी नाही हसलो. रेघेची बाजू मी नेहमी खाली ठेवायचो. ते घरी परतल्यावर बघितलं, तर रेघ वर होती. मुलीला विचारलं. सना फोनमधून मान न काढता म्हणाली, "आय डिडन्ट टच इट, पप्पा." चाचांना वाकता येत नव्हतं, पण काठी होती... त्यानंतर ते फोनवर नेहमीसारखेच बोलायचे. ते नेहमीसारखं होतं, याचीच मला भीती वाटायची.

त्यांना शहराच्या मोठ्या कब्रस्तानात दफन केलं, नंबर असलेल्या जागेत. जुन्या ठिकाणी आता दफनाची परवानगी नाही. मागच्या रांगेत मुराद उभा होता, दाढी सगळी पांढरी. माती देऊन झाल्यावर माझ्याजवळ आला.

"अरबाब को अम्मा के पास रखना था."

मी म्हणालो, "अम्मा की कब्र किसको मालूम है?"

"मुझे मालूम है. पानी की तरफ वाली. पत्थर का निशान मैंने मिट्टी में देखा था." मग म्हणाला, "उन्होंने पत्थर पूछा. कब्र किसी ने पूछी ही नहीं."

एकोणीस वर्षं. मी त्या शुक्रवारी बोललो असतो तर दगडाचा शोधच उरला नसता, मुरादला कबर विचारली गेली असती आणि चाचांना ती जागा तिथल्या तिथे मिळाली असती, ज्याला त्यांनी चोर ठरवलं त्याच्याच हाताने.

दगड अजून दाराशी आहे, आता रेघ वर करून. सनाने परवा तो पायाने सरकवला तर मी तिच्यावर ओरडलो, आणि का ते सांगू शकलो नाही. तो पाण्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, बाजूच्या कबरीवर नेऊन ठेवायचा आहे, पण एकट्याने गुपचूप नाही. मुरादला मराठी वाचता येत नाही, म्हणून इथे लिहिणं मला जमलं. त्याच्यासमोर दगड हातात घेऊन उभं राहायचं आणि हेच सगळं हिंदीत सांगायचं, हे माझ्याकडून त्याला अजून देणं आहे.