मुकादमाच्या खुंटीवरच्या किल्ल्या

साताऱ्याच्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षे गणित शिकवले. फळ्याकडे तोंड असेपर्यंत माझा आवाज स्वच्छ असे. वर्गाकडे वळले की तो बसे. अशा स्वभावाच्या बाईने चाळिशी उलटल्यावर वर्षभराची बिनपगारी रजा काढावी, सांगलीला जाऊन खोली घ्यावी आणि तोवर केवळ छायाचित्रात पाहिलेल्या संगणकापुढे उमेदवारी करावी, याचे घरच्यांना नवल वाटले. मलाही कमी वाटले नव्हते. सत्तरचे दशक तेव्हा निम्मे सरले होते, आणि संगणक म्हणजे काय हे समजावून सांगताना माझ्या भावाने शेवटी पाहुण्यांना “हिशेबाचं मोठं कपाट” असे सांगून विषय मिटवला होता.

ते कपाट परिसरातल्या साखर कारखान्यांनी मिळून आणले होते. परदेशात वापरून झालेले यंत्र. हळदीची एक वखार रिकामी करून, भिंती रंगवून, थंड हवेची सोय करून त्यात बसवलेले. भिंतींना कितीही रंग दिला तरी वखारीने आपला मूळ धर्म सोडला नव्हता. आमच्या छिद्रे पाडलेल्या कार्डांच्या कडा काही दिवसांत पिवळसर होत, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर माझ्या पदराला हळदीचा वास येई.

केंद्राचे प्रमुख फौजेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेले, कराडजवळच्या एका खेड्यातले गृहस्थ होते. आम्ही त्यांना साहेब म्हणत असू. ते एरवी अतिशय नेटके, पुस्तकी मराठी बोलत. पण राग किंवा आनंद अनावर झाला की गावची बोली आपोआप वर येई. पहिल्याच दिवशी त्यांनी मला माझे काम आणि त्यातला पेच दोन्ही सांगितले. यंत्र एका वेळी एकच काम करी. छपाईयंत्र आपल्या संथ गतीने कागद ओढत बसले की बाकीचे सगळे यंत्र त्याची वाट पाहत उभे राही. दोन कामे शेजारी शेजारी चालतील असा देखरेखीचा प्रोग्रॅम मी लिहायचा होता. तो भरवशाने चालला, तर कारखान्यांची समिती मला कायम ठेवून घेणार होती. नाही चालला, तर रजा संपताच साताऱ्याची गाडी.

मला राहायचे होते. हे मी तेव्हा कोणाजवळही बोलले नाही. परंतु आयुष्यात प्रथमच मला एक असे काम सापडले होते, ज्यात नेमकेपणाला किंमत होती आणि आवाजाला नव्हती.

त्या प्रोग्रॅमला साहेबांनी “मुकादम” असे नाव दिले. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम स्वतः ऊस तोडत नाही. कोणी कोणत्या फडात शिरायचे, एवढेच तो पाहतो. आमच्या मुकादमाचेही तेच काम होते. यंत्राची स्मृती लहान लहान कप्प्यांत विभागलेली होती. प्रत्येक कप्प्यावर एक क्रमांक असे आणि चालू असलेल्या प्रोग्रॅमजवळही एक क्रमांक असे. दोन्ही जुळले तरच त्या कप्प्यात लिहिता येई. न जुळले तर यंत्र स्वतःच त्याचा हात धरी, काम थांबवी आणि मुकादमाला हाक मारी. माहितीपुस्तकात या क्रमांकाला किल्ली म्हटले होते. किल्ल्या एकंदर सोळा. शून्य क्रमांकाची मुकादमाची. तिने सगळे कप्पे उघडत. उरलेल्या पंधरा त्याने कामांना वाटायच्या आणि परत घ्यायच्या. कुलपे यंत्रातच घडवलेली होती. किल्ली कोणाला द्यावी आणि केव्हा परत घ्यावी, हे मात्र यंत्राला ठाऊक नव्हते. ते मला लिहायचे होते.

“बाई,” साहेब म्हणाले, “पहारा सुटला की शिपाई पहिली गोष्ट कोणती करतो?”

मी माहितीपुस्तक मिटले आणि उत्तर त्यांनीच दिले.

“किल्ली गार्डरूममध्ये जमा करतो. जेवण नंतर, अंघोळ नंतर. किल्ली खिशात घेऊन हिंडणारा शिपाई मी कधी खपवून घेतला नाही. आपल्या मुकादमाची शिस्त हीच राहील.”

मी तसे लिहिले. काम संपताक्षणी किल्ली मुकादमाच्या खुंटीवर येई, आणि दारात उभ्या असलेल्या पुढच्या कामाला सगळ्यात वरची, म्हणजे नुकतीच आलेली किल्ली मिळे. रचना सुटसुटीत होती. साहेबांनी ती वाचून टेबलावर बोटांनी ताल धरला होता, आणि पुढे मला कळले की ती त्यांची शाबासकी होती.

माझी खोली केंद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. घरमालकीण काकू प्रेमळ आणि विसराळू, दोन्ही सारख्याच प्रमाणात. पहिल्या दिवशी त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, “ही घ्या बाई. आजपासनं खोली तुमची, माळा तुमचा.” माळ्यावर फडक्याने तोंड बांधलेली एक चिनी मातीची बरणी होती. आत कैरीचे लोणचे. मला वाटले, नव्या भाडेकरणीसाठी काकूंनी मायेने ठेवले असावे. विचारण्याचा धीर झाला नाही. भिडस्त माणूस प्रश्न विचारण्यापेक्षा कृतज्ञ होणे पसंत करतो. मी रोज जेवताना एक फोड घेई. एकदा जिन्यात म्हटलेही, “काकू, लोणचं फार छान मुरलंय हो.” काकू स्वतःही लोणची घालत आणि अधूनमधून वाटीभर मला देत. त्या खुलून म्हणाल्या, “आवडलं न्हवं? मग खावा की पोटभर!” माझी उरलीसुरली शंकाही मिटली.

मुकादम कामाला लागला. कारखान्यांचे काम म्हणजे ऊसतोडीचा क्रम: कोणत्या गावचा, कोणत्या फडाचा ऊस कधी तोडायचा. त्याच्या जोडीला साहेबांनी कोयनानगरचे काम घेतले. तिथल्या वसाहतीत एक तरुण अभियंता भूकंपमापकांवरच्या नोंदी जमवून प्रत्येक धक्क्याचे ठिकाण आणि खोली काढू पाहत होता. त्याची कार्डे एसटीच्या कंडक्टरच्या हाती बांधून येत, तशीच उत्तरे परत जात. त्याला मी पाहिले नव्हते; पण त्याचा प्रोग्रॅम इतका उत्साही आणि अस्ताव्यस्त होता, की माणसाचा अंदाज यावा.

काही आठवडे सारे सुरळीत चालले. मग एका सकाळी एका कारखान्याचे शेतकी अधिकारी छापील कागदाची गुंडाळी काखेत मारून आले आणि त्यांनी ती माझ्या टेबलावर उलगडली. उंब्रजच्या शेतांची नावे जिथे असायला हवी होती, तिथे दशांश चिन्हांच्या ओळीच्या ओळी होत्या. आकडे ओळखीचे होते. ती धक्क्यांची खोली होती.

“आवं बाई, ह्ये काय?” ते म्हणाले. “उंब्रजच्या उसाखाली भूकंप घातला व्हय तुमी?”

सगळे हसले. मीही हसण्याचा प्रयत्न केला. साहेब मात्र हसले नाहीत.

“समिती पंधरवड्यात बसेल,” सगळे गेल्यावर ते म्हणाले. “तोवर कोयनेचं काम बंद. कारण सापडलं तर ठीक. न्हाई सापडलं तर यंत्र पुन्हा एकाच कामावर, आणि मग मुकादमाची गरज कुणाला ऱ्हाणार?” मुकादमाबरोबर माझीही गरज उरणार नव्हती, हे त्यांनी बोलून दाखवले नाही.

मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही होती, की यंत्राने तक्रारच केली नव्हती. कोयनेच्या प्रोग्रॅमने परक्या कप्प्यात लिहिले असते, तर यंत्राने त्याला तिथेच धरले असते, घंटा वाजली असती, टंकलेखन यंत्रावर ओळ उमटली असती. तसे काही घडले नव्हते. कुलूप फोडल्याची खूण कुठेच नव्हती. कोयनेच्या प्रोग्रॅमचा दोष मला लवकरच सापडला: धक्के जास्त झाले, की त्याची सारणी आपल्या जागेबाहेर सांडे. पण असे सांडणे थांबवण्यासाठीच तर किल्ल्या होत्या! यंत्राच्या कुलपांवर संशय घ्यावा, तर ती सगळी मी तपासली, चोख होती. स्वतःवर संशय घेणे मला नेहमीच सोपे जाते, परंतु संशयाला बोट ठेवायला जागा लागते, आणि ती सापडत नव्हती.

त्याच रविवारी दुपारी मी जेवायला बसले असताना दार वाजले. काकूंच्या मागे एक उंच, उन्हाने रापलेला तरुण उभा होता.

“बाई, ह्यो तुमच्या आधीचा भाडेकरू,” काकू म्हणाल्या. “कोयनेला बदली झाली न्हवं का याची. तुमच्या साहेबांकडं काम हाय म्हनं, जाता जाता हितं डोकावला.”

“माझी बरणी तेवढी न्यायची होती,” तो संकोचाने म्हणाला. “आईनं घातलेलं लोणचं. घाटाच्या रस्त्यात फुटेल म्हणून इथंच माळ्यावर ठेवलं होतं.”

बरणी माझ्या पानाशेजारीच होती. तळाशी खार आणि दोन फोडी. तिसरी माझ्या पानात.

मग काकूंनी पवित्रा घेतला.

“बरनीचं मला सांगितलं हुतंस का तू?”

“सांगितलं होतं की, मावशी! दोनदा सांगितलं.”

“मग मी इसरले आसंन. पण बाईंचं यात काय चुकलं? किल्ली मी दिली, खोली त्यांची, बरनी खोलीत. कुनाचं कुलूप तोडून खाल्लं न्हाई त्यांनी!”

“मी कुठं काय म्हणतोय, मावशी?”

“तू न्हाई म्हनत, पर तुझं त्वांड म्हनतंय!”

त्यांचे भांडण पुढे बराच वेळ रंगले असावे. मी ते ऐकले नाही. मी हातातल्या घासाकडे पाहत होते. भाडेकरू गेला, किल्ली परत आली, तीच किल्ली दुसऱ्याला रीतसर मिळाली. आणि पहिल्याची वस्तू अजून त्याच खोलीत त्याची वाट पाहत होती. ऊसतोडीचे काम संपले, की मुकादम त्याची किल्ली तत्क्षणी खुंटीवर घेई. पण त्याचा क्रम लगेच छापून होत नसे. छपाईयंत्राची पाळी येईपर्यंत तो स्मृतीतच पडून राही, आणि त्या कप्प्यांवर तोच जुना क्रमांक असे. मागोमाग आलेल्या कोयनेच्या कामाला मी नुकतीच आलेली किल्ली देत होते, म्हणजे नेमकी तीच. यंत्राने तक्रार का करावी? किल्ली जुळत होती.

मी हात धुऊन आले. अनोळखी माणसाशी स्वतः होऊन बोलण्याची मला सवय नव्हती, पण तेव्हा ते ध्यानातही राहिले नाही. कोयनेहून आमच्या साहेबांकडे कामासाठी येणारा म्हणजे तो अभियंताच, हे उघड होते.

“उंब्रजचा ऊस तुमच्या प्रोग्रॅमनं का खाल्ला, ते मला कळलं असं वाटतं,” मी म्हटले.

त्याने बरणीत डोकावून पाहिले. “म्हणजे फिट्टंफाट झाली म्हणायची,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच मोकळेपणाने हसला.

सोमवारी मी साहेबांना सारे सांगितले; बरणीसकट सांगितले, कारण बरणी वगळून मला ते नीट मांडता येईना. त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि कपाळावर हात मारून घेतला.

“आरारारा! चार्ज न घेता किल्ली घेतली आपण!” त्यांची बोली वर आली. “कोठारातला माल मोजल्याबिगर किल्ली ताब्यात घ्यायची न्हाई, ह्ये रंगरुटाला बी ठावं असतंय. मी निम्मी शिस्त सांगितली बाई तुमाला, निम्मी इसरलो!”

दुरुस्तीचे दोन मार्ग होते. वाट पाहणाऱ्या मजकुराच्या कप्प्यांवर मुकादमाचा शून्य घालावा, हा सोपा. पण मग प्रत्येकाची अडगळ मुकादमाच्याच घरात साठली असती, आणि मुकादमाच्या हातून काही चूक झाली तर तिला अडवणारी किल्लीच नव्हती. मी दुसरा मार्ग घेतला. प्रत्येक किल्लीपुढे, तिच्या क्रमांकाचे किती कप्पे अजून भरलेले आहेत याची गणती मुकादमाने ठेवायची. शेवटचा कप्पा रिकामा झाल्याशिवाय ती किल्ली खुंटीवर घ्यायची नाही. यामुळे कधी किल्ल्या अपुऱ्या पडून एखाद्या कामाला दारात थांबावे लागले असते. थांबू दे, साहेब म्हणाले. फौजेत थांबण्याची सवय असते.

समितीच्या आदल्या दुपारी चाचणी ठरली. अभियंता कोयनेहून मुद्दाम गोंधळ झाला त्याच दिवसाची कार्डे घेऊन आला. त्याने आपला प्रोग्रॅम दुरुस्त केला होता, पण मी त्याला जुना, सांडणाराच आणायला सांगितले होते. आधी ऊसतोडीचे काम चालवले. ते संपले, छपाईयंत्र खडखडू लागले, आणि लगेच कोयनेची कार्डे आत गेली. मी पदराचे टोक मुठीत धरून उभी होते. उंब्रजची पाळी यायला अजून बरीच पाने होती.

घंटा वाजली.

टंकलेखन यंत्रावर एक ओळ उमटली: किल्ली जुळत नाही, काम रद्द. अभियंत्याने स्वतःच्या प्रोग्रॅमच्या मरणाला टाळ्या वाजवल्या. छपाईयंत्र निर्विकारपणे चालत राहिले. साहेब त्याच्यापाशी जाऊन उभे राहिले आणि एकेक गाव मोठ्याने वाचू लागले. उंब्रजची सगळी शेते, शेवटच्या बांधापर्यंत, जागच्या जागी निघाली. मग त्यांनी छपाईयंत्राच्या झाकणावर बोटांनी ताल धरला.

समितीने मला ठेवून घेतले. महाविद्यालयाचा राजीनामा द्यायला मी साताऱ्याला गेले, तेव्हा वहिनीकडून लोणच्याची भरलेली बरणी मागून आणली आणि अभियंता पुढच्या खेपेस आला तेव्हा त्याच्यापुढे ठेवली. त्याने एक फोड चाखून पाहिली. मेथी कमी आहे, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसले. तोंडाने तो “छान आहे, ताई” म्हणाला.

“पण एसटीत फुटेल हो,” तो म्हणाला. “इथंच राहू दे का माळ्यावर?”

“आता मी साक्षीला हाय,” काकू उंबऱ्यातून म्हणाल्या. “बरनी याची, खोली बाईंची. पुन्यांदा माझ्यावर ढकलू नगा.”

मी बरणीचे फडके घट्ट बांधले, स्टुलावर चढून ती माळ्यावर ठेवली, आणि खाली उतरण्याआधी, कोणी न विचारता म्हटले, “ठेवते. पण रोज जेवताना मला एक फोड घेऊ द्याल का?”