परसातला रोही आणि सुनेच्या रानशेण्या

तुळजापूरला भाविकांनी भरलेली एसटी रिकामी झाली, तेव्हा मलाही त्यांच्याबरोबर उतरून जावंसं वाटलं. चिपळूण सोडून पुरता एक दिवस झाला होता. आमच्याकडे झाडं एकमेकांच्या अंगावर रेलून उभी असतात; इथे ती एकेकटी, लांब लांब. तेरखेड्याला उतरले तर रस्त्याकडेला फटाक्यांच्या दुकानांच्या पाट्या. दिवाळी उलटून दोन महिने झाले होते. इथे कोणता सण चालू आहे, हे विचारायचं धाडस झालं नाही.

न्यायला विहीणबाई स्वतः आल्या होत्या. माझी सून सुवर्णा ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे वाशी तालुक्यातल्या, तेरखेड्याजवळच्या गावात होणार होतं. ती इकडे येण्याआधी ते घर एकदा डोळ्यांनी पाहावं, म्हणून मी आले होते.

"ईनबाई, लई वाळलाव की," त्या म्हणाल्या. माझं वजन सत्तर किलो आहे.

घर नीटनेटकं. एक गाय, आणि परसाला लागूनच एकरभर हरभरा. ज्वारीची भाकरी आणि हरभऱ्याच्या पाल्याची भाजी मी दोनदा मागून घेतली. चुलीत लाकूड नव्हतं, शेण्या (गोवऱ्या) होत्या. आमच्याकडे सरपण म्हणजे लाकूडफाटा. त्यामुळे शेणावर शिजलेलं इतकं चवदार कसं लागतं, या विचारात मी हात धुवायचे विसरले.

पहाटे परसात गेले आणि तिथेच थबकले. कुंपणाच्या आत एक जनावर उभं होतं. अंगानं घोडा म्हणावं तर डोक्यावर शिंगं, बैल म्हणावं तर गळ्याखाली दाढी, आणि रंग पाटीवरच्या पुसलेल्या खडूसारखा. ते माझ्याकडे बघत सावकाश हरभरा चावत होतं.

"रोही हाय त्यो," मागून विहीणबाई म्हणाल्या. रोही म्हणजे नीलगाय. त्यांनी कुंपणाशी दोन शेण्या पेटवल्या, धूर झाला, आणि तो पाहुणा घाई न करता निघून गेला.

"तेरखेडा एवढं जवळ आहे. एखादा फटाका का नाही लावत?"

"गाय बिथरती. अन् त्यो बी जीवच हाय की."

मग त्याला हाकलायचं आहे की नाही, हे मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई दळणाला गेल्या आणि रोही पुन्हा आला. आता जबाबदारी माझी! परसात शेण्यांचा हुडवा होता. हुडवा म्हणजे शेण्या रचून वरून शेणानं लिंपलेला ढीग. तो इतका सुबक की फोडायला जीव होईना. गोठ्यात मात्र एका टोपलीत वेडीवाकडी, बोटांचे ठसे नसलेली वाळकी शेणं पडली होती. चांगलं वाचवावं आणि टाकाऊ जाळावं, हा माझ्या आईचा धडा. मी अख्खी टोपली पेटवली. धूर नावालाच झाला. रोही हरभरा खात राहिला.

विहीणबाई परत आल्या आणि राखेकडे बघत उभ्या राहिल्या.

"ईनबाई, ह्या रानशेण्या हुत्या," त्या हळूच म्हणाल्या. "रानात पडून आपसूक वाळलेल्या. धूर न्हाय, आर टिकतो. बाळंतिणीच्या बाजंखाली ठिवायला दसऱ्यापासनं येचत हुते. आता गावात गुरंच ऱ्हायली न्हाईत, लौकर मिळत न्हाईत."

आर म्हणजे निखारे. माझ्याच सुनेचा शेक मी माझ्या हातानं जाळला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी चहा ठेवला, आणि त्या चहाचा अर्थ लावण्यात माझा दिवस गेला.

तिसऱ्या दिवशी उजाडताच मी टोपली घेऊन माळावर गेले. तासभर फिरून दोनच रानशेण्या मिळाल्या. मग एका बाभळीखाली वाळक्या लेंड्यांचा मोठा ढीग दिसला. रोही रोज येऊन एकाच जागी लेंड्या टाकत असावा. शेण ते शेण, म्हणून मी टोपली भरली.

विहीणबाई टोपलीत डोकावल्या आणि मटकन खालीच बसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रोह्याच्या लेंड्या आनल्या व्हय!" मग त्यांनी एक लेंडी बोटांत फिरवली. "माजाच हरभरा हाय की ह्यो."

टोपली त्यांनी फेकली नाही. घेऊन कुठे गेल्या, तेही सांगितलं नाही. मी चिपळूणला परतले ती माफी मिळाली की नाही, या घोळातच. या लोकांचा राग मला दिसत नाही आणि लोभही ओळखता येत नाही, असंच मनाशी म्हणत राहिले.

फाल्गुनात नात झाली. मुलानं फोनवर बाळाचा चेहरा दाखवला, मग बाजेखालची शेगडी दाखवली. निखारे लालबुंद होते. विहीणबाईंना मी भीतभीतच विचारलं, "रानशेण्या पुरेशा मिळाल्या का हो?"

"मिळाल्या थोड्या. अन् तुमच्या लेंड्या बी वरनं मूठमूठ घालते."

"अहो, त्या कशाला घालता?"

"आज्जी लांब हाय," त्या म्हणाल्या. "तिच्या हातचा शेक नको व्हय पोरीला?"