मी सही केली नाही

मंडळी, आज दुपारी जे घडलं ते लिहितो.

भवानी पेठेतल्या एका टॉवेल कारखान्यात मी लेबलं तपासतो. आमच्याकडे काठात पॉलिस्टर असलं तरी लेबलवर ‘शंभर टक्के सुती’ छापतात. इथं कुणी विचारत नाही. पण हा माल युरोपात जाणार होता आणि तिथल्या कायद्यानं पॉलिस्टरही लिहावं लागतं. मी मालकांना तसं लेखी दिलं होतं.

तेव्हा सगळ्यांसमोर ते म्हणाले, "दहावी नापास वकीलसाहेब, गप बसा की!"

आज माल तिकडच्या बंदरात अडकला. मालकांनी कागद पुढे सरकवला. "लेबलची चूक तुझी, एवढी सही कर. तुला धरायला हितं कोण येतंय?"

"नाही मालक," एवढंच बोललो. बाहेर येऊन माझ्या त्या पत्राचा फोटो थेट परदेशी खरेदीदाराला मेल केला. पत्रावर पोच म्हणून मालकांचीच सही आहे.

आता त्यांचे फोनवर फोन येताहेत. मी वाजू देतोय आणि खरं सांगतो, लई बरं वाटतंय. ऑर्डर गेली तर माझ्या सोबत्यांचंही काम जाईल, हे कळतंय. तरी पश्चात्ताप होत नाही. तुम्ही सही केली असती का?